पेरूची जेली आणि झाकणावरचा क्रॉस स्टिच: एका वीकेंडला दोन्ही, कापड चिकट न करता

जेली आणि भरतकाम एकत्र काढलं की दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे लोक चुकीच्या वेळी सुई हातात घेतात, साखर घातलेली जेली गॅसवर उकळतेय आणि इकडे "एवढी एक ओळ संपवते" चाललंय, तेवढ्यात पातेलं उतू जातं नाहीतर जेलीचा चिक्कीसारखा घट्ट पाक होतो. दुसरी म्हणजे हात नुसते नॅपकिनला पुसून कापडाला लावतात आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी बोट उमटतं. खरं तर पेरूच्या जेलीत हात रिकामे असणारे तास भरपूर असतात, रस गळत असतो तेव्हाचे आणि बाटल्या सेट होत असतात तेव्हाचे. टाके तेवढ्याच वेळात घालायचे. बाकी सगळा वेळ कापड किचनच्या बाहेर.

खाली पूर्ण क्रम देतेय. १ किलो पेरू, त्याच्या साधारण चार छोट्या बाटल्या, आणि त्यातल्या एका बाटलीच्या झाकणावर घालायची क्रॉस स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याची, कापडी टोपी. हो, एकाच बाटलीला. का ते दुसऱ्या टप्प्यात हिशोबासकट सांगते.

टप्पा १: शुक्रवारी रात्रीच सामान काढून ठेवा

जेलीसाठी: १ किलो पेरू, साखर पाऊण किलो घरात असू द्या (लागेल थोडी कमी), ३-४ लिंबं, जाड बुडाचं पसरट स्टीलचं पातेलं, गाळायला जुना धुतलेला पंचा किंवा मलमलचं कापड, मोजायचं मेजरिंग कप नाहीतर मापाचं भांडं, आणि २००-२५० ग्रॅमच्या काचेच्या चार बाटल्या घट्ट झाकणासकट. पातेलं मोठंच घ्या, रस आणि साखर मिळून पातेल्याचा एक तृतीयांश भाग भरला पाहिजे, त्याच्या वर नाही, कारण जेली शेवटी शेवटी दुप्पट-तिप्पट फुगून वर येते. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ नको, पेरू-लिंबाचा आंबटपणा त्याला लागतो.

पेरू कसे घ्यायचे यावर अर्धी जेली ठरते. अगदी पिकून मऊ झालेले, वासाने घर भरून टाकणारे पेरू खायला मस्त, पण एकट्याने जेलीला नाही चालत, कारण फळ जास्त पिकलं की त्यातलं पेक्टिन कमी होतं आणि जेली धरते ती पेक्टिनवरच. म्हणून साधारण तीन भाग पिकलेले पण कडक आणि एक भाग हिरवट, थोडे कच्चे असे मिक्स घ्या. सरदार जातीचा पांढऱ्या गराचा पेरू चालतो, ललितसारखा गुलाबी गराचा असेल तर रंग आणखी छान येतो, पण पांढऱ्या गराची जेलीसुद्धा उकळताना तांबूस होतेच, त्यामुळे खायचा रंग वगैरे घालायच्या भानगडीत पडू नका.

भरतकामासाठी: इंचाला १४ घरं असलेलं आयडा किंवा मॅटी (फुल्या मोजून घालता याव्यात म्हणून चौकोनी घरांच्या विणीचं कापड), २० सेंटीमीटर बाय २० सेंटीमीटरचा तुकडा. लेस-बटणाच्या दुकानात नुसतं "मॅटी द्या" म्हटलं की कुठल्याही मापाचं कापड हातात येतं, म्हणून तिथेच पट्टी लावून एका इंचात किती घरं बसतात ते मोजा. सोबत ५ इंची रिंग, २४ नंबरची बोथट टोकाची सुई, आणि सहा पदरी सुती दोऱ्याच्या चार लडी: गडद हिरवा, पोपटी, गुलाबी, ऑफ-व्हाइट. आणि एक झाकण असलेला डबा किंवा चेनची पिशवी, ज्यात हे सगळं राहील. ती पिशवी बाहेरच्या खोलीत ठेवायची. ओट्यावर तर नाहीच, डायनिंग टेबलवरही नको.

तपासा: रिंग आणि सुईला गंज नाही ना? पांढऱ्या कापडावर गंजाचा डाग पडला तर तो जॅमच्या डागापेक्षा वाईट.

टप्पा २: डिझाइन छोटं ठेवा, हिशोब करून

इथे लोक जाम चुकतात. चार बाटल्या म्हणजे चार टोप्या, एका वीकेंडला, असं ठरवतात.

बाटलीचं झाकण साधारण ७ सेंटीमीटर रुंद. त्यावर दिसेल असं डिझाइन ५ सेंटीमीटरचं, म्हणजे २ इंच. १४ घरांच्या कापडावर २ इंच म्हणजे २८ घरं. २८ घरं व्यासाची पेरूची गोल चकती पूर्ण भरायची तर सहाशेच्या वर फुल्या होतात. नवशिक्या हाताने तासाला शंभरेक फुल्या पकडा, मधे उसवणं, दोरा ओवणं, चहा, फोन सगळं धरून. म्हणजे एका टोपीला सहा तास. या वीकेंडला जेलीमुळे मिळणारा रिकामा वेळही तेवढाच आहे. बाकी तीन बाटल्यांना साधं सुती कापड बांधा, नाहीतर १०-१२ घरांचं एकच पान काढा.

ग्राफ पेपरवर २८ बाय २८ चा चौकोन आखून त्यात वर्तुळ काढा. बाहेरची एक ओळ गडद हिरवी, तिच्या आत दोन ओळी पोपटी, मधला सगळा भाग गुलाबी, आणि गुलाबीत बियांसाठी इकडेतिकडे ऑफ-व्हाइट फुल्या. बिया एका रेषेत नकोत, मधल्या भागात कडं केल्यासारख्या पसरवा. प्रत्येक रंगाला एक चिन्ह द्या, नुसत्या स्केचपेनने रंगवलं तर संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये पोपटी आणि गुलाबी कळतात पण दोन हिरवे एकसारखे दिसतात.

टप्पा ३: शनिवार दुपार, पेरू उकळणं

यात सुई नाही. सरळ जेलीकडे लक्ष.

पेरू धुवा, देठ आणि टोकाचा काळा भाग काढा, साल आणि बिया राहू द्या, पेक्टिन तिथेच जास्त असतं. पातळ चकत्या करा. पातेल्यात घालून बुडतील इतकंच पाणी घाला, १ किलोला लिटरच्या आसपास लागतं. एका लिंबाचा रस घाला. उकळी आली की आच मंद करून अर्धा तास शिजवा, मधून मधून हलवा पण पावभाजीसारखं मॅश करू नका. फोडी मऊ व्हायला हव्यात, लगदा नको. प्रेशर कुकरमध्ये करू का असं बरेच जण विचारतात, मी तरी नाही करत, कारण त्यात फळाचा पार लगदा होतो आणि मग रस गढूळ येतो.

टप्पा ४: गाळणं, आणि पहिली भरतकामाची बैठक

पंचा आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, कोरडा असेल तर तोच रस पिऊन टाकतो. मोठ्या पातेल्यावर चाळणी, चाळणीत पंचा, त्यात शिजलेले पेरू. चार टोकं बांधून गाठोडं नळाला किंवा उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना टांगा. खाली पातेलं. झालं, आता चार-पाच तास त्याला हात लावायचा नाही.

सावध: गाठोडं पिळू नका. चमच्याने दाबू नका. "थोडासाच दाबते" पण नाही. दाबलं की गराचे कण रसात उतरतात आणि जेली काचेसारखी व्हायची ती ढगाळ होते, मग परत गाळूनही नीट होत नाही. ही घाई होऊ नये म्हणून तर हातात सुई द्यायची.

आता हात साबणाने धुवा, मनगटापर्यंत, नखांखाली पण. वेट वाइप चालत नाही, त्याचाच चिकट थर राहतो. हँडक्रीम लावू नका. हात पूर्ण कोरडे झाले की मग पिशवी उघडा.

कापडाच्या कडा साध्या दोऱ्याने हेम करून घ्या, नाहीतर तार सुटत जातात. चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद कापडाला राहतो, त्यापेक्षा दहा मिनिटं टाका घातलेला बरा. कापडाची आडवी-उभी चौघडी घाला, घडीचा मध्य तो डिझाइनचा मध्य. तिथूनच सुरुवात. कोपऱ्यातून सुरुवात केली आणि मोजणी चुकली की डिझाइन कापडाबाहेर जातं. दर दहा घरांवर पाण्याने जाणाऱ्या पेनने रेघ मारून ठेवली तर मोजणीचं अर्धं टेन्शन जातं.

दोरा हाताएवढा, ४५ सेंटीमीटरच्या आसपास, त्याहून लांब घेतला की गुंता आणि लव सुटते. सहा पदरांतले दोन पदर वापरायचे. सुरुवातीला गाठ नको, मागे फुगीर दिसते. त्याऐवजी डबल लांबीचा एकच पदर घ्या, अर्ध्यात दुमडा, दोन टोकं सुईत ओवा, पहिला टाका घेताना मागे राहिलेल्या फासातून सुई काढून ओढा. अडकला. शेवट करताना मागच्या तीन-चार टाक्यांखालून दोरा सरकवून कापा.

सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला गेला पाहिजे. खालचा डावीकडून उजवीकडे चढता, वरचा उलटा, किंवा याच्या विरुद्ध, काहीही चालेल, पण ठरवलं ते शेवटपर्यंत. एक ओळ आधी अर्ध्या फुल्या घालत जा आणि परत येताना पूर्ण करा, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही. दिशा मिसळली की लांबून डिझाइनवर ठिपके पडल्यासारखे दिसतात, लोकांना कळत नाही काय बिघडलंय पण बिघडलेलं दिसतं.

तपासा: दर तासाला उठून मोजा, मधली ओळ दोन्ही बाजूंना १४-१४ घरांची आहे का. आणि सुई मोजा. जेलीच्या घरात सुई हरवणं हा विनोद नाही, सुई तोंडात धरायची नाही, साडीच्या पदराला किंवा सोफ्याला टोचायची नाही, कापडाच्या कोपऱ्यात खोचायची.

रात्री गळालेला रस मोजा, साधारण पाऊण लिटर मिळेल, आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. कापड रिंगमधून काढून पिशवीत, रिंग रात्रभर लावून ठेवली तर तिचा गोल वळ उमटतो आणि त्यात मळ बसतो.

चोथा फेकू नका. चाळणीवर घासून बिया काढल्या की जो गर उरतो त्यात साखर आणि थोडं तूप घालून आटवला की गोव्यात करतात तसली पेराद, म्हणजे पेरूची वडी, जमते. पण ते वेगळ्या दिवशी, या वीकेंडला तिसरं काम नको.

टप्पा ५: रविवार सकाळ, साखर आणि उकळी

फोन सायलेंट, कापड पिशवीत. हा टप्पा पाऊण तासाचाच आहे पण इथेच सगळी गडबड होते.

आधी पेक्टिनची टेस्ट. वाटीत एक चमचा थंड रस, त्यात दोन चमचे स्पिरिट हळूच घाला, हलवू नका, मिनिटभर थांबा. एकच मोठा गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, रसाएवढी साखर घाला. दोन-तीन गोळे झाले तर मध्यम, पाऊणपट साखर. बारीक बारीक कणच दिसले तर कमी, अर्धीच साखर. ही वाटी चाखायची नाही, लगेच ओतून द्या. टेस्ट करायची नसेल तर पाऊणपट धरा, पाऊण लिटर रसाला ५६० ग्रॅम.

"साखर कमी केली तर?" हा प्रश्न येतोच. तर जेली धरत नाही आणि टिकत पण नाही. जेलीत साखर फक्त गोडीसाठी नसते, पेक्टिन, आंबटपणा आणि साखर तिघं मिळून ती जाळी धरतात. कमी गोड हवं असेल तर कमी खा, किंवा सरळ जॅम करा आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

बाटल्या आणि झाकणं पाण्यात दहा मिनिटं उकळून, उपडी निथळून, गरमच राहू द्या. एक छोटी स्टीलची ताटली फ्रीझरमध्ये ठेवा.

रस उकळायला ठेवा, साखर घाला, विरघळेपर्यंत हलवा, दीड-दोन लिंबांचा रस घाला. साखर विरघळल्यावर आच मोठी. आता मंद आचेवर तासभर रटरटत ठेवणं ही आणखी एक मोठी चूक, जास्त वेळ शिजलं की पेक्टिन तुटतं आणि मग कितीही आटवा, काकवी होते पण जेली नाही. जोरात उकळी आणि कमी वेळ, पंधरा-वीस मिनिटं. वर येणारा फेस चमच्याने काढत जा.

झाली का ते तीन प्रकारे बघता येतं:

थर्मामीटर असेल तर आधी तुमच्या घरी साधं पाणी किती डिग्रीला उकळतं ते मोजा आणि त्याच्या वर साडेचार-पाच डिग्री धरा. मुंबईत १०० ला उकळतं म्हणून १०५, पण पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तिथे १०५ ची वाट बघत बसलात तर जेलीचं रबर होणार. पाचगणी-महाबळेश्वरला आणखी खाली.

थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून आडवा धरा. सुरुवातीला पाण्यासारखे थेंब पडतात, मग दोन थेंब कडेला एकमेकांना चिकटून पापुद्र्यासारखे लोंबून पडतात. हीच खूण.

तिसरी म्हणजे थंड ताटली. त्यावर चमचाभर टाका, मिनिटभराने बोटाने ढकला, वर सुरकुती पडली तर जेली झाली. टेस्ट चालू असताना गॅस बंद ठेवायचा, नाहीतर तुम्ही ताटलीकडे बघताय आणि पातेलं पुढे निघून गेलंय असं होतं.

जाड टॉवेल किंवा लाकडी पाटावर गरम बाटल्या ठेवा, थंड ग्रॅनाइटवर ठेवल्या तर तडकतात. काठाखाली अर्धा सेंटीमीटर सोडून भरा, काठ पुसा, झाकण लगेच घट्ट. बाटली हलवायची नाही, तिरकी करून "धरली का" बघायचं नाही. २४ तास तशीच.

टप्पा ६: दुसरी बैठक आणि धुणं

ओटा, बाटल्यांच्या बाहेरच्या बाजू, दाराची मूठ, फोनची स्क्रीन, सगळं ओल्या फडक्याने पुसा. फोन कोणी पुसत नाही आणि मग त्याच फोनवर डिझाइनचा फोटो बघत टाके घालतात. हात परत साबणाने, आणि शक्यतो कपडे पण बदला, पोटावर जेलीचे शिंतोडे असतातच. उरलेलं डिझाइन रविवार दुपार-संध्याकाळी पुरं करा. बिया फुलीऐवजी गाठीच्या टाक्याने घातल्या तर उठून दिसतात, पण ते सगळ्यात शेवटी.

मग थंड पाण्यात, सौम्य लिक्विड डिटर्जंटने हलकेच धुवा. रंग सुटला, विशेषतः गडद हिरवा, तर घाबरून वाळत घालू नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, पिळू नका. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल.

सावध: आधी इस्त्री, मग धुणं असं कधीच नाही. पेनच्या निळ्या रेघा उष्णतेने पक्क्या होतात, आणि नजरेला न दिसलेला साखरेचा थेंब इस्त्रीखाली तपकिरी डाग बनतो.

मधेच जेलीचा डाग पडला तर: चमच्याच्या पाठीने खरवडून काढा, चोळू नका, मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा, मग थोडं डिटर्जंट. गरम पाणी नको. आणि "नंतर बघू" म्हणून तसंच पिशवीत टाकू नका, सकाळपर्यंत मुंग्या लागतात.

टप्पा ७: टोपी चढवणं, खाणं

सोमवारी संध्याकाळी बाटल्या बघा. तिरकी केल्यावर जेली एकसंध थरथरली तर जमलं. वाहतेय असं वाटलं तर आणखी एक दिवस द्या. तरीही पातळच राहिली तर पातेल्यात ओतून लिंबाचा रस घालून एकदाच परत जोरात उकळा, दुसऱ्यांदा उकळायच्या भानगडीत पडू नका, सरबतात नाहीतर पॅनकेकवर वापरून टाका. वर थोडं पाणी सुटलं असेल तर आंबटपणा जास्त झाला, खायला काही हरकत नाही.

कापडाचं वर्तुळ १३-१४ सेंटीमीटरचं कापा, डिझाइन बरोबर मधे येईल असं. कडा दुमडून शिवा आणि कडेपासून दीड-दोन सेंटीमीटर आत इलॅस्टिक दोऱ्याने धावदोरा घाला. रिबन बांधली तर सुंदर दिसते पण बाटली दर सकाळी उघडायची असेल तर इलॅस्टिकच बरं. गोंदाने झाकणाला चिकटवू नका, धुता येणार नाही.

आता टाके घालता घालता जेली खायचीच असेल तर पोळीच्या रोलमध्ये नको, शेवटच्या घासाला खालून गळते. टोस्टचे लहान चौकोन करा, काट्याने उचला, प्लेट वेगळ्या स्टुलावर आणि टाके घालणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. जॅम निदान जागच्या जागी राहतो, जेलीचा तुकडा घरंगळतो आणि मांडीवर कापडच असतं. मी तर सरळ सांगेन, दोन रंगांच्या मधे उठा, खा, हात धुवा, परत बसा.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्याने घ्यायची, लोणी लागलेली सुरी आत घालायची नाही. फ्रिजमध्ये ठेवताना टोपी काढून ठेवा, ओलावा धरून तिला वास लागतो. बंद बाटल्या अंधाऱ्या कपाटात बरेच महिने टिकतात, पण झाकण फुगलेलं किंवा वर बुरशी दिसली तर वरवरचं काढून खाऊ नका, पूर्ण बाटली टाका. टोपी मात्र धुवून पुढच्या बाटलीला.